लंडन येथील ‘बँक’ भुयारी स्थानक : त्याची रचना व तीवरून निघणारा इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपणांपुढें प्रथम कागद उभे राहतात. सनदा, महजर, निवाडे, पत्रव्यवहार. त्यांच्या जोडीला शिलालेख, ताम्रपट व नाणीं. इमारतींचा विचार आपण करतों तो बहुधा शिल्पाच्या दृष्टीनें. कोणती कमान कोणत्या काळची, कोणत्या खांबाचा घाट कोणत्या घराण्याचा, इतकाच. परंतु एखादी वास्तु जेव्हां एका धन्यानें न बांधतां चारपांच धन्यांनीं निरनिराळ्या काळीं आपापल्या सोयीनें बांधलेली असते, तेव्हां तिच्या आडव्यातिडव्या भिंतींतून जो इतिहास वाचतां येतो तो पुष्कळदां कागदांतूनही इतक्या स्पष्टपणें हातीं लागत नाहीं. अशा वास्तूचें एक उदाहरण म्हणून लंडन शहराच्या पोटांतील ‘बँक’ या भुयारी रेल्वेस्थानकाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

लंडनचा जो अगदीं जुना, सुमारें एक चौरस मैलाचा भाग ‘सिटी’ या नांवानें ओळखला जातो, त्याच्या मध्यावर आठनऊ रस्ते एकत्र येतात. एका बाजूस बँक ऑफ इंग्लंड, समोर रॉयल एक्स्चेंज ही व्यापाऱ्यांच्या भेटीगांठीची जुनी इमारत, तिसरीकडे मॅन्शन हाउस हा नगराध्यक्षाचा वाडा. जवळच लोंबार्ड स्ट्रीट. इटलीच्या लोंबार्डी प्रांतांतून आलेल्या सावकारांवरून त्यास हें नांव पडलें. या पेठेचें जुनेपण सांगावयास एक दाखला पुरे आहे. चौकापासून थोड्याच अंतरावर, वॉलब्रुक नामक रस्त्याजवळ, इ. स. २०१० ते २०१४ या काळांत झालेल्या उत्खननांत रोमन अमदानींतील चारशेंहून अधिक लांकडी लेखनफळ्या सांपडल्या. त्यांतील एकीवर इ. स. ५७ च्या जानेवारीची ८ वी तारीख आहे; आणि मजकूर काय, तर दास्यांतून मुक्त झालेल्या एका मनुष्यानें तशाच दुसऱ्यास, विकत घेतलेल्या मालाच्या किंमतीपोटीं १०५ देनारी देणें असल्याची कबुली! म्हणजे या स्थळींचा सर्वांत जुना तारीखवार लेख हा कर्जरोखाच निघाला. त्याच उत्खननाच्या जागेवर पुढें उभारलेल्या इमारतींतून २०१८ सालीं या स्थानकाचें एक नवें द्वार उघडण्यांत आलें.

जमिनीवर स्थानकाची अशी इमारत जवळजवळ नाहींच. रस्त्याच्या कडेला जिने दिसतात. त्यांनीं खालीं उतरलें म्हणजे भुयारांचें एक जाळेंच सुरू होतें. सेंट्रल, नॉर्दर्न, वॉटर्लू ॲन्ड सिटी आणि डॉकलँड्स लाइट रेल्वे अशा चार मार्गांचे फलाट येथें निरनिराळ्या पातळ्यांवर व निरनिराळ्या दिशांनीं पसरलेले आहेत. आणि दक्षिणेस ‘मॉन्युमेंट’ हें डिस्ट्रिक्ट व सर्कल या मार्गांचें स्थानक त्यांस आंतूनच जोडलेलें आहे. एका गाडींतून उतरून दुसरी गांठणाऱ्या प्रवाशास कोठें जिना चढावा लागतो, लगेच दुसरा उतरावा लागतो, कोठें वांकड्या बोळांतून लांबवर चालावें लागतें. सेंट्रल मार्गाचा फलाट तर इतका वांकडा आहे कीं, डबा सरळ व फलाटाची कड वक्र असल्यामुळें दोहोंमध्यें मोठी फट पडते, आणि तीकडे लक्ष ठेवण्याविषयीं प्रवाशांस वारंवार बजावावें लागतें.

हा वांकडेपणा कशामुळें आला? लोकांत एक कथा प्रचलित आहे. बँक ऑफ इंग्लंडचीं सोन्याचीं तळघरें आड आलीं, म्हणून बोगदा वळवावा लागला, असें सांगतात. कथा ऐकावयास गोड आहे. सोनें आणि भुयार एकत्र आलें कीं कथा आपोआप जन्मते, हा अनुभव आपल्याकडील कोणत्याही किल्ल्यावर येतो. परंतु तिचा खरेपणा तपासण्यापूर्वीं हीं स्थानकें कोणत्या क्रमानें झालीं तें पाहिलें पाहिजे.

पहिलें झालें तें मॉन्युमेंट. इ. स. १६६६ च्या मोठ्या आगीच्या स्मरणार्थ रेन व हूक यांनीं उभारलेला २०२ फूट उंचीचा स्तंभ तेथें आहे, त्यावरून हें नांव. इ. स. १८८४ च्या ऑक्टोबरांत मेट्रोपॉलिटन व डिस्ट्रिक्ट या दोन भांडखोर कंपन्यांनीं मिळून शहराभोंवतींचें वर्तुळ पुरें केलें, त्या तुकड्यावरील हें स्थानक. रस्ता उकरून खंदक करावयाचा, त्यांत रूळ घालून वर छत टाकावयाचें, अशी त्या वेळची रीत. गाड्या वाफेच्या असल्यामुळें खोल जाणें शक्यच नव्हतें. त्यानंतर इ. स. १८९० सालीं सिटी ॲन्ड साउथ लंडन या कंपनीनें थेम्स नदीखालून येऊन मॉन्युमेंटजवळच ‘किंग विल्यम स्ट्रीट’ येथें आपलें शेवटचें स्थानक केलें. ही जगांतील पहिली खोल, विजेवर चालणारी भुयारी रेल्वे. इ. स. १८९८ च्या ऑगस्टांत वॉटर्लू ॲन्ड सिटी रेल्वे मॅन्शन हाउसच्या बाजूस येऊन थांबली. इ. स. १९०० च्या फेब्रुवारींत सिटी ॲन्ड साउथ लंडन कंपनीनें जुनें स्थानक टाकून देऊन लोंबार्ड स्ट्रीटच्या तोंडाशीं नवें केलें. आणि त्याच वर्षीं ३० जुलै रोजीं सेंट्रल लंडन रेल्वे शेफर्ड्स बुश येथून चौकाखालीं येऊन पोहोंचली. सोळा वर्षांत, पाव मैलाच्या आंत, पांच स्थानकें; आणि तीं बांधणाऱ्या कंपन्यांपैकीं कोणासही दुसरीच्या प्रवाशाची सोय पाहण्याचें कारण नव्हतें.

या कंपन्यांचें स्वरूप मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत इ. स. १८५३ सालीं ज्या कंपनीनें गाडी चालविली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे हीदेखील लंडनच्या पार्लमेंटच्या कायद्यानें इ. स. १८४९ सालीं अस्तित्वांत आलेली खाजगी भांडवलाची मंडळीच होती. प्रत्येक मार्गास स्वतंत्र कायदा, स्वतंत्र भागीदार, स्वतंत्र अभियंते. सरकारनें एक आराखडा करून मार्ग आंखले, असें लंडनांत झालें नाहीं. ज्यास भांडवल मिळालें त्यानें जेथें जागा मिळाली तेथें खोदलें.

जागा कोठें मिळाली, हाच येथें कळीचा प्रश्न आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें जमिनीच्या धन्याचा हक्क पृष्ठभागापुरता नसून खालींही पोहोंचतो. एखाद्या घराखालून बोगदा न्यावयाचा तर तो हक्क पैसे देऊन घ्यावा लागे. आणि सिटीच्या पेठेंत जमिनीचे भाव काय असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. सार्वजनिक रस्त्याखालून गेल्यास मात्र हा भुर्दंड पडत नसे. अर्थात् प्रत्येक कंपनीनें आपला बोगदा शक्य तितका रस्त्याखालींच ठेवला. रस्ता वळला कीं बोगदा वळला. रस्ता अरुंद झाला कीं शेजारीशेजारी असलेले दोन बोगदे एकावर एक चढले. किंग विल्यम स्ट्रीटकडे जातांना नदीकांठच्या स्वान लेन नामक गल्लीखालीं असेच बोगदे एकावर एक घातलेले होते.

आतां बँकेच्या तळघरांची कथा पाहूं. सेंट्रल लंडनचा मार्ग ऑक्सफर्ड स्ट्रीट, होबर्न, न्यूगेट स्ट्रीट, चीपसाइड व पोल्ट्री या रस्त्यांखालून येतो आणि पुढें, इ. स. १९१२ सालीं लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत वाढविला तेव्हां, थ्रेडनीडल स्ट्रीटखालून गेला. पोल्ट्रीहून थ्रेडनीडल स्ट्रीटकडे वळतांना चौकांत जें वळण पायीं चालणारास घ्यावें लागतें तेंच खालीं गाडीला घ्यावें लागतें. याच मार्गावर नॉटिंग हिल गेट, चॅन्सरी लेन व सेंट पॉल्स या स्थानकांत दोन्ही दिशांचे फलाट एकावर एक आहेत. तेथें कोणतीही बँक नाहीं, सोनें नाहीं. वर अरुंद रस्ता मात्र आहे. जें कारण सर्व ठिकाणीं लागू पडतें तें सोडून एकाच ठिकाणीं लागू पडणारें अद्भुत कारण स्वीकारणें संशोधनाच्या रीतीस धरून नाहीं. बँकेची इमारत थ्रेडनीडल स्ट्रीटच्या कडेलाच असल्यानें रस्ता धरून गेलेला बोगदा तिला टाळून गेला, इतपत कथेंत सत्य आहे. परंतु तेवढ्यापुरतें तर बोगद्यानें त्या पेठेंतील प्रत्येक शिंप्याचें व वाण्याचें दुकानही टाळलेलें आहे. वळण घेण्यास भाग पाडलें तें सोन्यानें नव्हे, जमिनीच्या हक्कानें, असें आमचें मत आहे.

हे बोगदे खोदले कसे, हें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. लंडनच्या खालीं, वरचा भराव व वाळूखडीचा थर ओलांडल्यावर, निळसर घट्ट चिकणमातीचा जाड थर लागतो. ही माती खोदण्यास सोपी, पाणी झिरपूं न देणारी, व खोदल्यावर कांहीं वेळ स्वतःच उभी राहणारी आहे. तिच्यांत काम करण्याचें हत्यार म्हणजे ‘ढाल’. थेम्सखालील पहिला बोगदा सर मार्क ब्रुनेल यानें इ. स. १८२५ ते १८४३ या काळांत चौकोनी ढालीच्या साह्यानें पुरा केला होता. पीटर बार्लो यानें वाटोळ्या ढालीची कल्पना इ. स. १८६४ सालीं मांडली, आणि ती इ. स. १८६९ सालीं टॉवर किल्ल्याजवळील नदीखालच्या लहान बोगद्यांत प्रत्यक्षांत आणली जेम्स हेन्री ग्रेटहेड या तरुण अभियंत्यानें. याचा जन्म दक्षिण आफ्रिकेंतील ग्रॅहम्सटाउनचा, इ. स. १८४४ चा. ढाल म्हणजे बोगद्याहून किंचित् मोठें असें लोखंडी नळकांडें. तिच्या पुढील कडेस धार. आंत उभे राहून मजूर समोरची माती खणीत. हातभर वाट झाली म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणारे दट्टे मागील पक्क्या कड्यावर टेकून ढाल पुढें ढकलीत. ढालीच्या मागच्या भागांत, तिच्याच आसऱ्यानें, ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून नवें कडें बसवीत. ढाल पुढें सरकली कीं कडें व माती यांमध्यें जी पोकळी राही तींत चुन्याचा राडा दाबाच्या हवेनें भरण्याची युक्ति ग्रेटहेडची. ही पोकळी न भरल्यास वरची जमीन व तिच्यावरील घरें खचावयाचीं, म्हणून वस्तीखालून बोगदा नेण्याच्या कामीं या युक्तीचें महत्त्व ढालीइतकेंच आहे. पुणें व मुंबई येथील अलीकडील भुयारी मार्ग ज्या अजस्र यंत्रांनीं खोदले तीं याच ढालीचीं वंशज होत.

बोगद्यांचे व्यासही बोलके आहेत. सिटी ॲन्ड साउथ लंडनचा मूळ बोगदा अवघा १० फूट २ इंच. सेंट्रल लंडनचा ११ फूट ८। इंच, वॉटर्लू ॲन्ड सिटीचा त्याहूनही थोडा मोठा. एकाच्या गाड्या दुसऱ्यांत जाणें शक्य नव्हतें, व जाव्यात अशी कोणाची इच्छाही नव्हती. इ. स. १९२२ ते १९२४ या वर्षांत पहिल्या कंपनीचे बोगदे खणून मोठे करण्यांत आले ते सेंट्रलच्याच मापाचे. तोंपर्यंत दोन्ही मार्ग एकाच मालकीखालीं आले होते, तें पुढें येईल.

किंग विल्यम स्ट्रीट स्थानक दहा वर्षांतच कां टाकून द्यावें लागलें? मूळ बेत दोरखंडानें डबे ओढण्याचा होता. दोर ओढणार असल्यामुळें मार्गास तीव्र चढ व वळण असलें तरी चालेल, अशा समजुतीनें बोगदा आंखला गेला. पुढें दोराचें साहित्य पुरविणारी मंडळी बुडाली आणि कंपनीनें विजेचीं इंजिनें आणलीं. तीं इंजिनें लहान शक्तीचीं. भरलेली गाडी घेऊन तो चढ चढतांना तीं हैराण होत. स्थानकांत प्रथम रूळही एकच होता. एका यंत्राकरितां आंखलेला मार्ग दुसऱ्या यंत्राच्या गळ्यांत पडला, असा हा प्रकार. शेवटीं नदीखालून दुसरेच बोगदे काढून मार्ग चौकाकडे नेला, व तेथून मूरगेटपर्यंत वाढविला. जुनें स्थानक तसेंच अंधारांत राहिलें. दुसऱ्या महायुद्धांत लोकांनीं तेथें बाँबपासून आसरा घेतला.

नव्या स्थानकासाठीं जागा पाहिजे होती, आणि येथें कंपनीची गांठ एका चर्चशीं पडली. लोंबार्ड स्ट्रीट व किंग विल्यम स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर सेंट मेरी वूलनॉथ हें चर्च आहे. निकोलस हॉक्समूर या नामांकित शिल्पज्ञानें तें इ. स. १७१६ ते १७२७ या काळांत बांधलें. जॉन न्यूटन हा धर्मोपदेशक इ. स. १७८० पासून मरेपर्यंत येथें होता. हा पूर्वायुष्यांत गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान. पुढें पश्चात्ताप होऊन त्या व्यापाराचा कट्टर विरोधक झाला. तरुण विल्बरफोर्स याचा सल्ला घेण्यास इ. स. १७८५ सालीं आला होता. ज्या वर्षीं पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार बंद केला त्याच १८०७ सालीं न्यूटन वारला व या चर्चच्या तळघरांत त्यास पुरण्यांत आलें.

हें चर्च पाडून टाकण्याची परवानगी रेल्वे कंपनीनें मिळविली होती. लोकांनीं मोठी ओरड केली, तेव्हां तडजोड झाली ती अशी कीं, इमारत राहावी व तिच्या खालची जागा कंपनीनें घ्यावी. तळघरांतील मृतांच्या अस्थि बाहेर काढून शहराबाहेर इलफर्डजवळील दफनभूमींत नेण्यांत आल्या. न्यूटनच्या अस्थि इ. स. १८९३ सालीं ओल्नी या त्याच्या पूर्वीच्या गांवीं नेल्या. त्यानंतर चर्चच्या भिंती व खांब पोलादी तुळयांवर तोलून धरले आणि खालीं उतारूंची कचेरी, जिने व लिफ्टच्या विहिरी बांधल्या. प्रार्थनेस बसलेल्या लोकांच्या पायांखालीं लिफ्टचीं चाकें फिरूं लागलीं. जिवंत धन्यास पैसे द्यावे लागतात म्हणून ज्या कंपनीनें रस्त्याखालून वाट काढली, तिला मृतांच्या जागेचा सौदा मात्र परवडला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. तथापि लोकांनीं ओरड केली नसती तर हॉक्समूरचें हें काम आज पाहावयास मिळालें नसतें, हेंही खरें.

सेंट्रल लंडन कंपनीवर निराळी अट पडली. तिला चौकांत वर इमारत बांधावयास जागा नव्हती. तिकिटांचें दालन रस्त्याच्या पृष्ठभागाखालींच करावें, व त्याभोंवतीं पादचाऱ्यांस रस्ता ओलांडण्यासाठीं सार्वजनिक भुयारी वाटा बांधून द्याव्यात, असें सिटीच्या नगरपालिकेनें ठरविलें. त्यासाठीं चौकाखालील पाण्याचे, वायूचे नळ व गटारें हलवावीं लागलीं. आज ज्या वर्तुळाकार बोळांत नवखा प्रवासी वाट चुकतो ते या अटीचें फळ आहे. वाहनांच्या गर्दींतून लोक सुखरूप पलीकडे जावेत हा हेतु चांगला होता व साधलाही. परंतु या रचनेंत दालनाचें छप्पर म्हणजे रस्ताच झाला. मध्यें मातीचा थर उरला नाहीं. इ. स. १९४१ च्या जानेवारीच्या ११ तारखेस रात्रीं जर्मन विमानानें टाकलेला बाँब रस्ता फोडून याच दालनांत उतरला व सरकत्या जिन्यांच्या माथ्याशीं फुटला. स्फोटाचा झोत जिन्यांवरून खालीं फलाटांपर्यंत गेला. आसऱ्यास आलेले व गाडीची वाट पाहणारे कित्येक लोक ठार झाले. वर चौकभर खड्डा पडला आणि वाहतुकीसाठीं त्यावर तात्पुरता पूल टाकावा लागला. मृतांची संख्या निरनिराळ्या ठिकाणीं ५६ पासून शंभराच्या वर दिलेली आढळते. युद्धकाळीं अशीं वृत्तें दडपून ठेवीत, हें ध्यानांत घेतां असा फरक पडणें नवल नव्हे. जे खोल बोगद्यांत जातात ते सुरक्षित, अशी लोकांची त्या दिवसांत समजूत होती. ती बोगद्यापुरती बहुतांशीं बरोबर असली तरी त्याच्या तोंडाशीं असलेल्या उथळ दालनास लागू नव्हती. इ. स. १९०० च्या अटीचा व १९४१ च्या प्राणहानीचा संबंध जोडतांना आम्ही कोणास दोष देऊं इच्छित नाहीं; विमानांचें युग येणार हें त्या वेळीं कोणास ठाऊक होतें?

आतां हीं अलग स्थानकें जोडलीं कशीं, तें पाहूं. सिटी ॲन्ड साउथ लंडन व सेंट्रल लंडन या दोन्ही कंपन्या इ. स. १९१३ सालीं ‘अंडरग्राउंड’ नामक मोठ्या मंडळीच्या ताब्यांत गेल्या. डिस्ट्रिक्ट आधींच तिच्याकडे होती. त्यानंतरच्या दशकांत बोगदे एका मापाचे झाले, लिफ्टच्या जागीं सरकते जिने आले. मेट्रोपॉलिटन तेवढी अलग राहिली होती. इ. स. १९३३ च्या १ जुलै रोजीं लंडनच्या सर्व भुयारी मार्गांसाठीं एकच सार्वजनिक मंडळ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं १८ सप्टेंबर रोजीं बँक व मॉन्युमेंट यांस जोडणारा सरकत्या जिन्यांचा मार्ग खुला झाला. या मार्गाचें काम अर्थात् मंडळाच्या स्थापनेपूर्वींच सुरू होतें. परंतु एका वर्षांत दोन्ही गोष्टी घडाव्या हा निव्वळ योगायोग नव्हे. मालकी एक होत आली तसतशा भिंतींस वाटा पडत गेल्या.

या नियमाचा पडताळा वॉटर्लू ॲन्ड सिटी या मार्गावरून उत्तम रीतीनें पाहतां येतो. हा मार्ग भुयारी कंपन्यांच्या हातीं कधींच गेला नव्हता. तो इ. स. १९०७ सालीं लंडन ॲन्ड साउथ वेस्टर्न या बाहेरगांवच्या रेल्वेनें आत्मसात् केला. तिच्यामागून सदर्न रेल्वे, व १९४८ पासून ब्रिटिश रेल्वे. त्याचें स्थानकही १९४० पर्यंत ‘बँक’ न म्हणवितां ‘सिटी’ म्हणवीत असे. सेंट्रल मार्गास सरकते जिने मिळाल्यावरही याच्या उतारूंस लांबलचक चढणीचा बोळ पायींच चढावा लागे. ते या मार्गास विनोदानें ‘गटार’ म्हणत. तेथें सरकती वाट झाली ती १९६० सालीं. आणि मालकी बदलली ती इ. स. १९९४ च्या १ एप्रिलला, अवघ्या एक पौंड नाममात्र किंमतीस. म्हणजे चौकाखालीं सर्व फलाट एका धन्याचे होण्यास पहिल्या गाडीपासून शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

मध्यंतरीं, इ. स. १९९१ सालीं, पूर्वेकडील जुन्या गोद्यांच्या भागांतून आलेली डॉकलँड्स लाइट रेल्वे सर्वांच्या खालीं येऊन पोहोंचली. वरचे थर आधींच व्यापलेले; नवागतास तळ धरण्यावांचून गत्यंतर नव्हतें. या कामाच्या वेळीं, १९८७ सालीं, वॉटर्लू ॲन्ड सिटी मार्गाच्या शेवटीं एका वापरांत नसलेल्या बोगद्यांत ग्रेटहेडची ढाल सांपडली. इ. स. १८९८ च्या सुमारास काम संपलें तेव्हां ती बाहेर काढण्यापेक्षां तेथेंच सोडणें स्वस्त पडलें असावें. ती मोडून न टाकतां नव्या पादचारी बोळांत तशीच ठेवली असून, तांबड्या रंगानें रंगविलेल्या त्या लोखंडी कड्यामधून आज उतारू ये-जा करतात. वर कॉर्नहिल रस्त्यांत त्याच ग्रेटहेडचा पुतळा १९९४ सालीं उभारला. पुतळ्याच्या चौथऱ्यांत स्थानकास हवा पुरविणारी विहीर लपविलेली आहे. स्वतः ग्रेटहेड १८९६ सालींच वारला होता. या चौकाखालीं त्याच्या ढालीनें खोदलेल्या मार्गावरील एकही गाडी त्यानें पाहिली नाहीं.

सर्वांत अलीकडील फेरफार नॉर्दर्न मार्गाचा, म्हणजे जुन्या सिटी ॲन्ड साउथ लंडनचा. एका अरुंद रस्त्याखालीं बसविलेले तिचे फलाट आजच्या गर्दीस अपुरे पडूं लागल्यामुळें दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठीं पश्चिमेस नवा बोगदा काढण्यांत आला. सिटींतील उंच इमारतींचे पायाखांब वाटेंत आले; ते बोगद्याच्या आंतून कापून इमारतीचा भार दुसरीकडे घ्यावा लागला. इ. स. २०२२ च्या जानेवारीपासून सुमारें चार महिने मार्गाचा हा तुकडा बंद ठेवून नवा बोगदा जुन्यास जोडला व मे महिन्यांत फलाट खुला झाला. कॅनन स्ट्रीटकडील नवें प्रवेशद्वार २०२३ च्या फेब्रुवारींत उघडलें. पूर्वीं घराखालून जाणें कंपन्यांस परवडत नव्हतें. आतां जाणें परवडलें, पण घरांचे पाय खालपर्यंत आलेले आढळले. दक्षिणेचा जुना फलाट बुजविला नाहीं. रूळ काढून त्याची जमीन सपाट केली व त्यास गर्दी वांटण्याचें दालन बनविलें. त्याची वाटोळी लांबट आकृति पाहिली म्हणजे हें दालन म्हणून खोदलेलें नव्हे, हें जाणत्यास तत्काळ ओळखूं येतें. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या अद्याप १९०० सालच्याच बोगद्यांतून धांवतात.

नांवांविषयीं दोन शब्द सांगून लेख पुरा करतों. सिटी ॲन्ड साउथ लंडननें आपल्या चर्चखालील स्थानकास ‘लोंबार्ड स्ट्रीट’ म्हणावयाचें योजिलें होतें. उघडतांना ‘बँक’ म्हटलें. मॉन्युमेंटचें नांव पहिले कांहीं आठवडे ‘ईस्टचीप’ असें होतें. आज एका तिकिटांत, एकाच छताखालीं दोहोंमधून जातां येत असूनही नकाशावर ‘बँक’ व ‘मॉन्युमेंट’ हीं दोन नांवें वेगळींच छापतात, व त्यांमध्यें एक बारीक जोडरेघ काढतात. जिनें हीं दोन स्थानकें प्रथम अलग केलीं त्या कंपन्यांपैकीं एकही आतां अस्तित्वांत नाहीं.